एकही बाई वर चढणार नाही

"आजपासून पहिल्या मजल्याच्या वर एकही बाई चढणार नाही!" सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीवर उभा राहून सेक्रेटरी ओरडला आणि त्याने मूठ वर केली. "आपल्या आयाबहिणींच्या जिवाशी चाललेला खेळ आता बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनीही टाळ्या वाजवल्या. आधी हात वाजले, मग अर्थ डोक्यात शिरला, आणि मग एकेकीचे हात हवेतच थांबले. तोवर पुरुषांच्या शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

मिक्सरच्या कडेला ओळंबा उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. तिची कानशिलं तापली होती आणि उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळली होती की थापी धरून धरून पडलेले घट्टेही दुखायला लागले.

ओळंबा हे काही तिचं खरं नाव नव्हे. दोरीच्या टोकाला वजन बांधून भिंत सरळ आहे की झुकलीय ते गवंडी बघतात, त्याला ओळंबा म्हणतात. ही बाई तशीच. समोर साहेब असो नाहीतर सासरा, वाकडं दिसलं की वाकडं म्हणणार. सासऱ्याला म्हणाली, म्हणून तर नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला असं तिची आई म्हणायची. ते नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या थोरल्या भावानेच, लहानपणी, चिडून. आणि तोच भाऊ आता गोण्यांच्या थप्पीवर मूठ वर करून उभा होता. बांधकाम कामगारांच्या संघटनेचा तो सेक्रेटरी. ओळंबा त्याच संघटनेच्या महिला आघाडीची अध्यक्ष. पद ऐकायला मोठं. काम एवढंच, की सभेला बायका गोळा करायच्या आणि पाहुण्यांच्या खुर्च्या पुसायच्या.

काम चाललं होतं एका मोठ्या इस्पितळाच्या इमारतीचं. पूर्वी अशा कामावर बायका फक्त घमेली वाहायच्या. थापी हातात धरणारी ओळंबा पहिली. तिने आणखी दोघींना शिकवलं, त्यांनी आणखी चौघींना. आता बाहेरच्या भिंतींचा सगळा गिलावा तिची बायकांची टोळी करायची. परांचीवर, उंचावर, पडू नये म्हणून दोराला अडकवलेला पट्टा अंगाला बांधून.

आणि घोडं अडलं होतं ते पट्ट्यापाशीच. पट्टे होते पुरुषांच्या मापाचे. छातीवरचे बंद शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी बायकांच्या अंगावर ते खुंटीवर अडकवल्यासारखे लोंबायचे. मग बायका सिमेंटच्या रिकाम्या गोणीची घडी करून पट्ट्याखाली खुपसायच्या. गोणी घामाने भिजायची, घसरायची, की पुन्हा खुपसायची. मुकादमाला सांगितलं, स्टोअरवाल्याला सांगितलं. स्टोअरवाला म्हणाला, "अंगावर मांस चढवा, पट्टा आपोआप बसेल." आणि सगळे हसले.

टोळीत सगळ्यात बारकी होती ती नवी पोर. तिला सगळे चिमणी म्हणायचे. हात मात्र असा गुळगुळीत फिरायचा की जुन्या गवंड्यांनी थांबून बघावं. एका सकाळी सातव्या मजल्याच्या बाहेर तिच्या पायाखालची फळी सरकली. दोर तुटला नाही, पट्टाही तुटला नाही. चिमणीच पट्ट्यातून निसटली. एक हात पट्ट्यात अडकला, त्या हातावर सगळं अंग लोंबकळलं, खांदा निखळला, आणि मग हातही सुटून ती खालच्या फळीवर आदळली. जीव वाचला. हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

कंपनीने फाटकावर कागद लावला: कामगार महिलेने पट्टा नीट बांधला नव्हता.

त्या सकाळी चिमणीचा पट्टा ओळंबाने स्वतःच्या हाताने आवळला होता. तिने तो कागद फाडला, चुरगाळला आणि मिक्सरमध्ये टाकला. त्याच क्षणी बायकांनी काम बंद केलं. बायका बसल्या म्हणून पुरुषही बसले, आणि पुरुष बसले तेव्हा कुठे साहेबांनी बोलणी करायला बोलावलं.

बोलणी झाली साहेबांच्या ऑफिसात. ओळंबा धुतलेले कपडे घालून गेली. दाराशी दादा म्हणाला, "आत आधीच गर्दी झालीय. तू बाहेर थांब, बायकांना धीर दे. मी आहे ना!" ती थांबली. भाऊ आहे, सांगेल आपलं, असं तिला वाटलं. बाहेर शिपाई आला आणि तिला विचारून गेला, "ताई, आतले किती जण? चहा किती सांगू?"

आणि आता ही टाळ्यांची वसुली.

"दादा!" ओळंबा गर्दीतून पुढे आली. "हे कोणी मागितलं?"

"काय?"

"बायकांना वर चढू देऊ नका, असं कोणी मागितलं? आम्ही पट्टे मागितले होते. अंगाला बसणारे."

सेक्रेटरी हसला. पुढारी हसतात तसं, दात इकडे आणि डोळे तिकडे. "अगं, वर जायचंच नाही तर पट्टा हवाय कशाला? मी रोगाचं मूळच उपटून टाकलंय."

"डोकं दुखतं म्हणून मुंडकं उडवलंस, असं सांग की!"

पुरुषांमध्ये खसखस पिकली. कुणीतरी मागून ओरडलं, "सेक्रेटरी, घरचं भांडण घरी!"

"घरचं नाही हे," ओळंबा त्या आवाजाच्या दिशेने वळली. "खालच्या मजल्यांचा गिलावा कधीच झालाय. वर जायचं नाही म्हणजे आमच्या हातातली थापी गेली. उद्यापासून पुन्हा घमेली. आणि आमचं काम कोण करणार? तू?"

तो माणूस पुढच्याच्या आड सरकला, कारण खरंच तोच करणार होता.

पण सगळ्या बायका तिच्या बाजूने होत्या असंही नाही. एक वयस्क बाई हळूच म्हणाली, "खरं सांगू का, मला बरंच वाटलं. वर गेलं की माझ्या पोटात गोळा यायचा." दुसरी म्हणाली, "माझा नवरा चिमणी पडल्यापासून मला कामावरच सोडत नव्हता. आता सोडेल." ओळंबाला त्यांचाही राग आला आणि राग आल्याचा स्वतःवरही. पोटात गोळा तर तिच्याही यायचा.

संध्याकाळी घरी दादा हातपाय धुऊन जेवायला बसला. दोन खोल्यांचं घर, त्यात तो, वहिनी, आई आणि ओळंबा. वहिनीही गिलाव्याच्याच टोळीत होती. ती मोरीत बसून नखांत अडकलेलं सिमेंट काढत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. आई खाटेवर.

"फुगवलेलं तोंड सोड आता," दादा म्हणाला. "सगळं एका दमात मिळत नसतं. बोलणी म्हणजे देवाणघेवाण असते."

"हो ना. देवाण आमची आणि घेवाण तुमची."

"सावलीला शेड मिळाली, आठवड्याची सुट्टी मिळाली, वरच्या मजल्यांवर प्यायचं पाणी मिळालं. ते काय बायकांना नाही?"

"वरचं पाणी प्यायला आम्ही वर आहोत कुठे?"

मोरीतून वहिनीचा हसू दाबल्यासारखा आवाज आला. दादाने तिकडे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? ती पोर लोंबकळत होती ना, तेव्हा मी खाली उभा होतो. तिची किंकाळी अजून माझ्या कानातून जात नाही. उद्या तुझा पाय सरकला तर? हिचा सरकला तर? मी काय पुन्हा खाली उभा राहून बघू?"

तो खोटं बोलत नव्हता. पण त्यामुळे ओळंबाचा राग शांत झाला नाही, उलट जास्तच भडकला. एवढं वाटतं आणि तरीही याने हे केलं!

"मग पट्टा मागायचा, दादा! तुझ्या भीतीची शिक्षा आम्हाला का?"

"मागितला! साहेब म्हणाले, बायकांच्या मापाचे पट्टे बनतच नाहीत. कुठेच नाहीत. मग काय आकाशातून पाडू?"

"आणि तू मान डोलावलीस."

"मग काय त्यांना खोटं पाडू? ते शिकलेले आहेत." त्याने हात झटकला. "आणि खाली काम करण्यात एवढी काय नामुष्की आहे? आपल्या आईने जन्मभर खालीच काम केलं. काय बिघडलं तिचं?"

खाटेवर हालचाल झाली. आई इतका वेळ दोघांच्या मध्ये पडली नव्हती. मघाशी तिने ओळंबाला बजावलंच होतं, की चारचौघांत भावाचा पाणउतारा करू नये. आता ती भिंतीला हात लावून उठून बसली.

"काय बिघडलं ते बघायचंय?" ती म्हणाली. "इकडे माझ्यासमोर ये. तू तिथे बसलास की तुझ्याकडे बघायला मला सगळं अंग वळवावं लागतं. मान वळत नाही, वरही होत नाही. वाहून वाहून गेली ती. तुम्ही दोघं इमारती बांधता म्हणे. मला त्या पाचव्या मजल्याच्या वर दिसतच नाहीत."

दादा ताटावरून उठला आणि बाहेर गेला.

वहिनी मोरीतून हात पुसत आली. "वन्सं, उद्या काय करायचं?"

"तू यात पडू नकोस. तू सेक्रेटरीची बायको."

"सेक्रेटरीची बायको मी घरी. कामावर मी गिलाव्याला असते." तिने हात पुसायचं फडकं खुंटीवर आपटल्यासारखं टाकलं. "आणि तुमच्या दादांनी मला विचारलं का, की बाई, तुला वर जायचंय का? एका घरात राहतो आम्ही! ही बातमी मला गोण्यांच्या थप्पीवरून कळली."

ओळंबाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ही बाई कमी बोलायची, म्हणून सगळ्यांनी तिला गरीब गाय ठरवून टाकलं होतं. त्यात ओळंबाही होती.

"त्यांनी आपल्याला खाली ठेवलंय ना?" ओळंबा सावकाश म्हणाली. "मग खालचं सगळं आता आपल्याच हातात आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष नव्या दिमाखात परांचीवर चढले. बायकांच्या जागांवर पुरुष गवंडी उभे राहिले. खाली मिक्सर घरघरत होता. सिमेंट-वाळूचा माल तयार झाला. तो घमेल्यांत भरायचा, घमेली माल चढवायच्या लिफ्टमध्ये लावायची, मग तो वर जायचा. हे काम बायकांचं.

बायका मिक्सरभोवती गोल करून बसल्या. हात मांडीवर. पोटात गोळा येणारी ती वयस्क बाईही बसली. सकाळी नळावर ओळंबा तिला म्हणाली होती, "तुम्हाला वर जायचं नसेल तर जाऊ नका. पण जायचं नाही हे तुम्ही सांगा, त्यांनी नाही." बाई हंडा खाली ठेवून म्हणाली, "हे बरं सांगितलंस. माझं मेलीचं आयुष्य गेलं, पण मला कोणी काही विचारलंच नाही."

वरून पहिली हाक आली. "माल!"

खाली कोणी हललं नाही.

"ए, माल पाठवा! बहिऱ्या झाल्या काय सगळ्या?"

चौथ्या मजल्यावरून एकाने वाकून आपल्या बायकोलाच हाक मारली, "अगं ए, ऐकू येत नाही का? माल कुठाय?"

त्याची बायको बसल्या जागेवरून ओरडली, "आमचा माल आहे तो! आमच्यासारखाच वर चढायला घाबरतो!"

बायकांच्या हसण्याने सगळी जागा दणाणली. दोघे गवंडी तणतणत खाली आले आणि त्यांनी स्वतः घमेली उचलली. वरच्यांनी त्यांची अशी काही टर उडवली, "काय गं बायांनो, कंबर दुखली का?", की दोन खेपांत त्यांनी घमेली टाकून दिली. गवंड्याने घमेलं उचलायचं नसतं. हा माज त्यांच्याच अंगाशी आला. मिक्सरमधला माल घट्ट व्हायला लागला.

ऊन चढलं तसे साहेब बाहेर आले. त्यांच्याबरोबर इंजिनीअर मॅडम होत्या, ज्या नुकत्याच वरची पाहणी करून उतरल्या होत्या. साहेबांनी बायकांकडे पाहिलंही नाही. त्यांनी सेक्रेटरीला बोलावणं पाठवलं आणि सगळ्यांच्या देखत त्याला झापलं. "कालच करार झाला ना? तुमच्या बहिणीला आवरता येत नाही आणि संघटना चालवता?"

दादाचा चेहरा लालबुंद झाला. तो तरातरा बहिणीसमोर आला.

"ऊठ."

"नाही."

"मी संघटनेचा सेक्रेटरी म्हणून सांगतोय. ऊठ आणि बायकांना कामाला लाव. नाहीतर महिला आघाडीच्या अध्यक्षपदावरून तुला आत्ता, इथे काढतोय."

"घे काढून!" ओळंबा उठली, पण त्याच्या सांगण्यावरून नव्हे. रागाने बसवेना म्हणून. "काढ! त्या खुर्चीवर मी बसले कधी होते? मी तर ती पुसत होते. तुम्ही आत बसलात आणि मी बाहेर चहाचे कप मोजत होते. चिमणीचा खांदा गेला. तो खांदा घेऊन तुम्ही आत गेलात आणि त्याच्या बदल्यात शेड घेऊन आलात! लाज वाटली नाही? तिच्या किंकाळीचं तुम्ही पाणी करून प्यायलात, दादा, वरच्या मजल्यांवरचं थंड पाणी!"

तिच्या आवाजाने परांचीवरचे लोकही वाकून बघायला लागले.

"पट्टा मिळत नाही म्हणून सांगितलं ना!" दादा ओरडला. "आणि त्या पोरीने पट्टा नीट बांधला नव्हता, हे कंपनीनेच..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मध्येच वहिनी उठली होती. भर माणसांत तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टोअरच्या दाराशी टांगलेला एक पट्टा तिने काढून आणला, सगळ्यांच्या मधोमध उभी राहून अंगात चढवला आणि म्हणाली, "या, बांधा. तुम्हीच बांधा, कसा नीट बांधायचा तो."

दादा जागचा हलेना.

"बांधा म्हणते ना!"

त्याने बांधला. छातीवरचा बंद ओढला, कमरेचा ओढला, शेवटच्या भोकापर्यंत. "झालं?" तिने विचारलं. "आता याहून नीट नाही ना होत?" मग तिने दोघा गवंड्यांना पाठीवरच्या कडीला धरून वर उचलायला सांगितलं. त्यांनी उचललं. वहिनीने हात वर केले. आणि जशी उशी खोळीतून सरकते तशी ती खाली सरकली, तिचे पाय जमिनीला लागले, आणि रिकामा पट्टा त्या दोघांच्या हातात राहिला.

दादा त्या पट्ट्याकडे बघत होता.

"आता हे सातव्या मजल्यावर झालं असं समजा," वहिनी म्हणाली. आणि मग तिची नजर साहेबांच्या मागे गेली. "मॅडम, तुमचा बघू."

इंजिनीअर मॅडम दचकल्या. पाहणीवरून उतरल्या त्या तशाच आल्या होत्या, पट्टा अंगावरच होता. वहिनीच्याच चणीच्या त्या, पण त्यांचा पट्टा कुठे लोंबत नव्हता. खांद्यांवर अरुंद, छातीच्या खाली बसणारा, कमरेला चोख. रंगही वेगळा.

ओळंबा त्यांच्याजवळ गेली. तिने पट्ट्याला बोटही लावलं नाही, नुसती बघत राहिली.

"हा कुठला?"

"हा... माझा आहे. मी स्वतः मागवला."

"का?"

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. "इथला मला सैल व्हायचा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे बायकांच्या मापाचे पट्टे बनतात."

"हो. सगळीकडे मिळतात."

"आणि इथले आपल्याला सैल होतात, हे तुम्हाला माहीत होतं. चिमणी पडायच्या आधीपासून."

मॅडमचे डोळे भरून आले. "मी सांगितलं होतं. एकदा. मला म्हणाले, तुम्ही तुमच्यापुरतं बघा. मी नवीन होते इथे. मग मी..."

"मग तुम्ही तुमच्यापुरतं बघितलंत." ओळंबाचा आवाज आता खाली आला होता, आणि तो वरच्या आवाजापेक्षा भयंकर होता. "रोज आमच्या बाजूने चढायचात. आम्ही गोण्या खुपसताना बघायचात. चिमणी तुम्हाला हात द्यायची फळीवर यायला, आठवतं? रडू नका मॅडम. रडायचा हक्क तिचा आहे. तुम्ही बोला. मोठ्याने बोला, वरच्यांना ऐकू जाऊ दे."

आणि मॅडम बोलल्या. आधी अडखळत, मग सलग. पट्ट्याचं माप चुकीचं असेल तर तो पट्टा नसून फास असतो. चिमणीने काही चूक केली नव्हती. फाटकावरचा कागद खोटा होता. साहेब मध्येच "मॅडम, पुरे," म्हणाले, तरी त्या थांबल्या नाहीत.

"साहेब," दादाचा आवाज घोगरा झाला होता, "तुम्ही तर म्हणालात असे पट्टे बनतच नाहीत."

"हे बघा, ही चर्चा आपण आत बसून करू," साहेब म्हणाले.

"हो, आत करू," दादा सवयीने म्हणाला, आणि बहिणीकडे वळून, "तू थांब इथे, मी बोलतो त्यांच्याशी."

ओळंबा त्याच्याकडे बघतच राहिली. एवढं होऊनही! एवढं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत होऊनही याच्या तोंडातून तेच वाक्य आलं. तिला वाटलं, मिक्सरमधला घट्ट झालेला माल उचलावा आणि याच्या तोंडात भरावा.

"तू बोललास की," ती म्हणाली. "काल बोललास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता आत कोणी जाणार नाही. जे काय बोलायचं ते इथे, या मिक्सरपाशी, सगळ्यांसमोर. साहेब, ऐका. प्रत्येकीच्या अंगाला बसणारा पट्टा येईपर्यंत वर बाई जाणार नाही आणि मालही जाणार नाही. पट्टे आले की ज्या बायकांना वर जायचंय त्या जातील, आपापल्या जागेवर. आणि जो खोटा कागद लावलात, त्याच फाटकावर चिमणीची चूक नव्हती असा दुसरा लावायचा. मोठ्या अक्षरात."

साहेब म्हणाले, वर विचारावं लागेल. ओळंबा म्हणाली, विचारा, आम्ही बसलोय. वरचे गवंडी कुरकुरले, काहींनी शिव्याही दिल्या. पण चौथ्या मजल्यावरचा तो नवरा खाली उतरून आला आणि बायकोच्या शेजारी बसला. कोणी काही विचारायच्या आतच म्हणाला, "वर बसून तरी काय करू, माल नाही." दुपार कलायच्या आत साहेबांनी मान तुकवली. मिक्सरमधला माल तोवर दगड झाला होता. तो फोडायला पुरुषांना पहारी घ्याव्या लागल्या.

पट्टे यायला महिना लागेल असं ओळंबाला वाटलं होतं. तिने तशी मनाची तयारीही केली होती. पण आठवडाही उलटला नाही आणि एका सकाळी, चिमणीची चूक नव्हती असा कागद लागलेल्या फाटकातून टेम्पो आत आला. खोक्यांतून पट्टे निघाले, बारके, मध्यम, मोठे. बायकांची झुंबड उडाली. एकमेकींचे बंद आवळून बघत होत्या, हिसके देऊन बघत होत्या, हसत होत्या. वहिनीने अंगात घातला आणि दोघींना म्हणाली, "उचला बरं मला." त्यांनी उचललं, आणि ती पट्ट्यात पाळण्यातल्या पोरासारखी टांगून राहिली.

ओळंबा टेम्पोवाल्यापाशी उभी होती. "कुठून मागवले एवढ्या लवकर?"

"मागवायचे कशाला?" तो खोकी उतरवता उतरवता म्हणाला. "आमच्या गोदामात पडून होते की. धूळ खात. कोणी मागतच नव्हतं."

तिने एक बारका पट्टा उचलला, चिमणीला बसला असता असा, आणि बराच वेळ तो नुसता हातात धरून उभी राहिली. गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदाम. टेम्पोने अर्ध्या सकाळचं अंतर. तिथे हा पडून होता, त्या सकाळीही, जेव्हा ती चिमणीच्या पट्ट्याखाली गोणीची घडी खुपसत होती. मागे बायका हसत होत्या. त्यांचं हसू खोटं नव्हतं, त्यांनी ते कमावलं होतं. पण ओळंबाला हसता येईना. तिला वाटलं, जिंकल्यावर राग जातो असं म्हणतात, ते कोणी तरी न जिंकलेल्याने म्हटलेलं असणार.

तिने पट्टा खांद्यावर टाकला आणि ऑफिसच्या दिशेने चालायला लागली. वाटेत शेडच्या खांबाला टेकून दादा उभा होता. संघटनेत आता त्याच्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं, घरातही नाही.

"कुठे निघालीस?"

"साहेबांकडे. चिमणीचा उजवा हात गेला, डोकं नाही गेलं. शिकवायचं काम करू शकते ती. नव्या पोरींना थापी कशी धरायची ते तिच्याइतकं कोण सांगणार? आणि तिच्या औषधपाण्याचं काय, तेही विचारायचंय."

दादा चुळबुळला. "मी येऊ? पण मला बोलावलेलं नाही."

"मला तरी कोणी बोलावलंय?" ओळंबा म्हणाली आणि न थांबता पायऱ्या चढली.

तो तसाच उभा राहिला. मागून वहिनी आली, नव्या पट्ट्याचे बंद सोडवत. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"जा की," ती म्हणाली. "पण आत गेल्यावर वन्संना बोलू द्या."

आतून दार आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ओळंबाचा.